मागं राहणाऱ्यांची संध्याकाळ

लांब पल्ल्याचे विक्रम कोणत्या प्रहरी झाले, हे कधी सहज ताडून पाहा. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं 2020 साली 5,000 मीटरचा जागतिक विक्रम मोडला (12 मिनिटं 35.36 सेकंद) तो मोनॅकोत, रात्री, दिव्यांच्या उजेडात. दोनच महिन्यांनी त्यानं 10,000 मीटरचाही मोडला (26 मिनिटं 11 सेकंद), व्हॅलेन्सियात आणि पुन्हा रात्रीच. आता रस्त्यावर या. केल्विन किप्टमनं 2023 मध्ये शिकागोत मॅरेथॉन 2 तास 35 सेकंदांत संपवली, ती सकाळी. आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं 2020 मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत मारली, तीही सकाळीच. ट्रॅकवाले रात्री पळतात, रस्तेवाले सकाळी. माणसं तीच, फुप्फुसं तीच, मग वेळ वेगळी का?

टीव्हीचे प्रेक्षक रात्री मिळतात आणि रस्ते रविवारी सकाळीच बंद करता येतात, हे उत्तर खरं आहे. पण ते अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं आपल्या अंगात आहे आणि मला तेच जास्त थक्क करणारं वाटतं.

मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर, सुमारे 20,000 पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. तो शरीराचं घड्याळ चालवतो. माणसाला उजेड-अंधाराचा पत्ता लागू न देता ठेवलं तरी हे घड्याळ चालूच राहतं, फक्त त्याचा दिवस 24 तासांहून काही मिनिटांनी लांब असतो. त्याच्या तालावर शरीराचं आतलं तापमान रोज वरखाली होतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असतं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत वर. फरक जेमतेम अर्धा ते एक अंशाचा. पण तेवढ्यानं स्नायू सैल होतात, नसांमधून संदेश चपळाईनं धावतात, सांधे कुरकुरत नाहीत. छोट्या, जोरकस प्रकारांत संध्याकाळची कामगिरी सकाळपेक्षा काही टक्क्यांनी सरस ठरते. सकाळी सहाला ज्याला पायांना लाकूड बांधल्यासारखं वाटतं, त्यालाच संध्याकाळी सहाला पहिल्या किलोमीटरपासून पेस सापडतो, त्यामागे हे आहे. हौशी धावपटू याचं श्रेय नव्या बुटांना देतात.

मग मॅरेथॉनही संध्याकाळीच का नको?

कारण लांब पल्ल्यात चपळाई दुय्यम असते. तिथं खरा हिशेब उष्णतेचा. साठ किलोचा माणूस पळतो तेव्हा किलोमीटरमागे साधारण साठ किलोकॅलरी जाळतो. तासाला दहा किलोमीटरच्या, म्हणजे अगदी मध्यमवर्गीय वेगानं, तासाच्या 600 झाल्या. स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के. बाकी सगळी उष्णता. म्हणजे तासाला साडेचारशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता शरीरातून बाहेर काढावी लागते. ती काढायची सोयच नसती तर काय झालं असतं? त्याच माणसाचं तापमान एका अंशानं वाढायला पन्नासेक किलोकॅलरी पुरतात. म्हणजे दर सहा-सात मिनिटांना एक अंश. अर्ध्या तासाच्या आत माणूस पार झोपला असता. आपण तास दोन तास पळून घरी येतो, चहा मागतो आणि यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतही नाही!

हा चमत्कार घाम करतो. लिटरभर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. मेख ‘वाळताना’ या शब्दात आहे. हनुवटीवरून टपकून रस्त्यावर पडलेला घाम कामाचा नाही. शरीराचं पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता जिथल्या तिथे. माठातलं पाणी मे महिन्यात नागपूरला गारेगार होतं आणि जुलैत दादरला कोमटच राहतं, त्यातलाच हा प्रकार. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर वाळणार कुठं?

आता संध्याकाळचा तोटा दिसतो. शरीर आधीच अर्धा अंश वर असतं. पळताना तापमान 39 च्या आसपास जातं आणि चाळिशीकडे झुकू लागलं की मेंदू स्वतःहून पायांना आवरतो. म्हणजे उष्णता साठवायला जी थोडी जागा असते, तीच संध्याकाळी थोडी कमी. त्यात डांबर. दिवसभर ऊन प्यायलेला रस्ता सूर्य गेल्यावरही तासन्‌तास ती उष्णता वर सोडत राहतो. बसायला गेलं तर कट्टा गरम लागतो ना, तसाच पोटऱ्यांना रस्ता लागतो.

तरीही एकदा ऑलिम्पिकची मॅरेथॉन मुद्दाम संध्याकाळी ठेवली होती. रोम, 10 सप्टेंबर 1960. तिथल्या सप्टेंबरच्या दुपारी पळवणं म्हणजे माणसं भाजून काढणं, म्हणून शर्यत साडेपाचला कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्यापासून सोडली. सुरुवातही स्टेडियमबाहेर आणि शेवटही. इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळाला, ही गोष्ट आपल्याकडे शाळेच्या भाषणापासून माहीत असते. मला त्यातलं घड्याळ जास्त आवडतं. तो निघाला तेव्हा ऊन होतं. साडेसहाच्या आगेमागे सूर्य मावळला. पुढे आपियन मार्गावर, जिथून रोमन सैन्यं दोन हजार वर्षांपूर्वी गेली, तिथं रस्त्याच्या कडेला इटलीचे सैनिक पेटत्या मशाली धरून उभे होते. त्या उजेडात बिकिला आणि मोरोक्कोचा ऱ्हादी बेन अब्देस्लाम खांद्याला खांदा लावून पळत होते. शेवटच्या टप्प्यात वाटेवर अक्सूमचा दगडी स्तंभ लागत होता. 1937 मध्ये मुसोलिनीच्या फौजांनी तो इथिओपियातून उचलून आणला होता (परत गेला थेट 2005 मध्ये). बिकिलानं ती जागा आधीच हेरून ठेवली होती. तिथून त्यानं जोर काढला आणि कॉन्स्टन्टाइनच्या कमानीखाली 2 तास 15 मिनिटं 16.2 सेकंदांत पोचला. तेव्हाचा जागतिक उच्चांक 0.8 सेकंदानं मोडला. तोवर मिट्ट काळोख झाला होता. 69 जण निघाले, 62 पोचले.

याच्या शेजारी दोहा ठेवून पाहा. 2019 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन 27 सप्टेंबरला रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी सोडली. उद्देश तोच, उन्हाला चुकवायचं. पण मध्यरात्रीही पारा 32 च्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढे. आखाताचं तापलेलं पाणी रात्रीही हवेत बाष्प ओततच राहतं. 68 पैकी 28 जणींनी शर्यत अर्धवट सोडली. केनियाची रूथ चेपनगेटिच 2 तास 32 मिनिटं 43 सेकंदांत जिंकली. जागतिक स्पर्धेच्या इतिहासात इतक्या संथ वेळेत कुणी जिंकलं नव्हतं. तर रात्र म्हणजे गारवा, हे समीकरण समुद्रकाठी चालत नाही. मुंबईकरांना हे सांगायला नकोच. मरीन ड्राइव्हवर रात्री नऊला पळून आलेल्याचा टी-शर्ट पिळला तर पेलाभर पाणी निघतं आणि सकाळी वाळल्यावर त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. त्यातलं बरंचसं पाणी न वाळताच वाया गेलेलं. पुण्यात तोच माणूस डिसेंबरच्या संध्याकाळी पळाला तर पाठीवर घाम दिसतसुद्धा नाही, कारण निघाल्या निघाल्या तो वाळतो. दख्खनच्या कोरड्या हवेला उष्णता धरून ठेवता येत नाही. दुपारचा अठ्ठावीस-तीसचा पारा रात्री दहापर्यंत विशीच्या आसपास येतो.

हौशी धावपटूसाठी खरी गोम इथेच आहे आणि ती अव्वल धावपटूंच्या विक्रमांत दिसत नाही. मुंबई मॅरेथॉनचं उदाहरण घ्या. जानेवारीतल्या त्या रविवारी हौशी मंडळी पहाटे पाचच्या सुमारास निघतात. तीन तासांत पूर्ण करणारा आठला मोकळा होतो. सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे त्याला ऊन लागलंच तर कोवळं. साडेपाच तास घेणारा बँकेतला कारकून किंवा शाळेतल्या बाई साडेदहापर्यंत रस्त्यावर असतात. पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं शेवटच्या सात-आठ किलोमीटरांत येत आला आहे. त्या वेळी पायांतलं ग्लायकोजेन संपत आलेलं, पोटरीत गोळा आलेला आणि डोक्यावर ऊन. जो जितका हळू, त्याला तितकं कडक ऊन. सकाळची शर्यत मागच्यांना अशी दुहेरी शिक्षा करते.

संध्याकाळी हे गणित उलटं होतं. ऊन पुढच्यांच्या वाट्याला येतं. पहिल्या तासात जो तापला तो तापला; त्यानंतर दर किलोमीटरला हवा एक पायरी खाली उतरते. जो जितका मागं, त्याला तितका गारवा. संध्याकाळची लांब शर्यत ही खरी मागं राहणाऱ्यांची शर्यत आहे, आणि ज्याचं ध्येय कटऑफच्या आत पोचणं एवढंच आहे त्यानं ती एकदा तरी पळावी, असं माझं मत.

अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. पहिला हप्ता डोळे भरतात.

सूर्यास्तानंतर मुंबई-पुण्यात बावीस-चोवीस मिनिटांत संधिप्रकाश विरतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो; युरोपातला तिरका सूर्य जून महिन्यात चाळीसेक मिनिटं रेंगाळतो. आपल्याकडच्या त्या बावीस-चोवीस मिनिटांत डोळ्यांच्या आत अख्खी पाळी बदलते. दिवसा रंग पाहणाऱ्या शंकूपेशी मंदावतात, अंधारातल्या दंडपेशी कामाला लागतात. दंडपेशींना लाल रंग जवळपास दिसत नाही आणि निळा-हिरवा जास्त उजळ दिसतो. हे 1819 मध्ये यान पुर्किन्ये या चेक संशोधकाच्या लक्षात आलं, तेही फुलांकडे बघताना: अंधुक उजेडात लाल पाकळ्या काळ्या पडत होत्या आणि पानं मात्र उजळ. शर्यतीत हेच घडताना पाहायला मिळतं. पाचला पाणी देणाऱ्या स्वयंसेवकाचं लालभडक जाकीट सात वाजता काळं होतं आणि पुढच्या धावपटूचा पोपटी शर्ट पेटल्यासारखा दिसतो.

दंडपेशींची आणखी एक खोड माहीत असली तर घोटा वाचतो. डोळ्याच्या ऐन मध्यभागी, जिथून आपण टक लावून बघतो तिथं, त्या नसतातच. त्यामुळे अंधारात खड्ड्याकडे थेट बघितलं की खड्डा गायब होतो. नजर किंचित बाजूला वळवली की परत दिसतो. आपल्या रस्त्यांवर हे ज्ञान जीपीएसच्या घड्याळापेक्षा मोलाचं. दंडपेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तास लागतो आणि समोरून आलेल्या एका स्कूटरचा झोत तो अर्धा तास पुसून टाकतो. म्हणून हेडलॅम्प लावायचा तर रस्त्याकडे झुकवून, समोरच्याच्या डोळ्यांत नाही.

दुसरा हप्ता पोटाचा. सकाळच्या शर्यतीला केळं खाल्लं, निघालो, झालं. संध्याकाळच्या शर्यतीची कसोटी दुपारी बारापासून सुरू होते. बिब शर्टाला लावून झालेलं, चारही सेफ्टी पिना दोनदा तपासून झालेल्या, बूट दारात, आणि घड्याळात फक्त दीड. आई हाक मारते, “अरे, उपाशीपोटी पळणारेस का? साबुदाण्याची खिचडी केलीय, चार घास खाऊन घे.” आता साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, धावपटूला हवं तेच. घोटाळा त्यातल्या तुपाचा आणि दाण्याच्या कुटाचा. स्निग्ध पदार्थ पोटातून पुढे सरकायला फार वेळ घेतात. जड जेवण उतरायला तीन-चार तास सहज लागतात आणि एकदा पळायला लागलं की आतड्यांचं रक्त स्नायूंकडे वळतं. राहिलेलं जेवण तिथंच बसून राहतं आणि आठव्या किलोमीटरला आपली आठवण करून देतं. सकाळी भरपेट, दुपारी बारा-साडेबाराला वरण-भात, तोही बिनफोडणीचा, साडेतीनला केळं. मटकीची उसळ त्या दिवशी कुणी कितीही आग्रह केला तरी नको. पाणीही दिवसभर घोट घोट. धास्तीनं लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते प्रसंगी पाणी कमी पडण्यापेक्षा धोक्याचं.

तिसरा हप्ता सर्वांत मोठा आणि तो समजून घ्यायला स्वित्झर्लंडमधल्या बील गावाकडे जावं लागेल. 1959 पासून तिथं जून महिन्यात 100 किलोमीटरची शर्यत होते. ती सुटते रात्री दहाला. पळणारे बहुतेक सगळे हौशी: सुतार, नर्स, निवृत्त शिक्षक. अठराव्या किलोमीटरच्या आसपास आरबर्ग गावातला 1568 चा छप्पर असलेला लाकडी पूल लागतो. मध्यरात्र जवळ आलेली असते, तरी तिथं अख्खं गाव टाळ्या वाजवायला उभं. पुढे प्रत्येकाला सायकलवरून साथ द्यायला एक जण आणायची मुभा असते. तो नवरा असतो, बहीण असते, ऑफिसातला मित्र असतो. पाणी, जेल, कोरडा शर्ट आणि शिव्या खायची तयारी घेऊन तो रात्रभर शेजारून चालवत राहतो.

मग किर्खबेर्ग येतं, 56 वा किलोमीटर. त्यानंतर एमे नदीच्या बांधावरची अरुंद, मुळांनी आणि दगडांनी भरलेली पायवाट. धावपटूंनी तिचं नाव ‘हो ची मिन्ह वाट’ ठेवलंय. सायकली तिथून जात नाहीत. आता हिशेब करा. बारा तासांत 100 किलोमीटर करणारा हौशी धावपटू सम वेगानं गेला तर किर्खबेर्गला पोचतो पावणेपाचला. म्हणजे शरीराचं तापमान दिवसातल्या नीचांकावर, झोपेची ओढ सर्वांत तीव्र, पायाखाली सर्वांत वाईट वाट आणि सोबतीला कुणी नाही, हे सगळं एकाच वेळी. मार्ग आखणाऱ्यानं शरीराचं घड्याळ वाचून हे केलं असेल असं मला वाटत नाही. पण याहून चोख कोणी आखूही शकलं नसतं. त्या तासात माणसाला थंडी वाजते, कारण नसताना रडू येतं, झाडांच्या जागी माणसं दिसतात. सगळ्यात वेगवान धावपटू पाचच्या सुमारास बीलला पोचून आंघोळीला गेलेले असतात.

आणि साडेपाचला सूर्य उगवतो. डोळ्यांच्या पडद्यात दंडपेशी आणि शंकूपेशींखेरीज तिसऱ्या प्रकारच्या पेशी आहेत. त्या चित्र बघत नाहीत. उजेड किती आहे एवढंच मोजतात आणि थेट त्या 20,000 पेशींच्या घड्याळाला कळवतात. त्यांचा शोध गेल्या पंचवीसेक वर्षांतला. उजेडाची वर्दी पोचली की झोपेचं रसायन, मेलाटोनिन, ओसरू लागतं आणि तापमान चढू लागतं. रात्रभर पळलेले लोक सांगतात की पहाटे पाय परत आले. पाय काही परत आलेले नसतात, पोटऱ्या आधीइतक्याच फाटलेल्या असतात. घड्याळानं दिवस सुरू झाल्याची घंटा दिलेली असते, एवढंच.

आपल्या दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या संध्याकाळी इतकं महाभारत घडत नाही. साडेआठ-नऊपर्यंत पदक गळ्यात पडतं. तिथं चौथा हप्ता येतो आणि त्याबद्दल कुणीच आधी सांगत नाही: त्या रात्री झोप लागत नाही. झोप यायची तर शरीराचं तापमान खाली यावं लागतं, आणि ते तर अजून चुलीसारखं पेटलेलं. रक्तात अ‍ॅड्रेनलिनचा अंमल. सुटायच्या आधी घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाच तासांनीही अंगात. पाय थकून दगड झालेले आणि मेंदू रात्री दोनला प्रत्येक किलोमीटरच्या पेसची उजळणी करतोय.  कोमट पाण्यानं अंघोळ, दहीभात, दिवे मंद, फोन दुसऱ्या खोलीत.

तेव्हा पहिल्यांदाच संध्याकाळच्या शर्यतीला नाव देणार असाल तर समुद्रापासून लांबचं गाव निवडा, महिना डिसेंबर-जानेवारीचा, आणि पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू जा. ऊन पुढच्यांना लागू द्या. एखादा लाँग रन आधी त्याच वेळी काढून बघा, म्हणजे पोटाचा आणि डोळ्यांचा अंदाज येईल. आणि शर्यत रविवारी असेल तर सोमवारची रजा आजच टाकून ठेवा.